यंत्रमानव चालतो तेव्हा मी त्याचा घोटा बघते

चालणाऱ्या यंत्रमानवाचा नवा व्हिडिओ आला की तो माझ्यापर्यंत हमखास पोचतो. भाचा पाठवतो, बरे होऊन गेलेले पेशंट पाठवतात, गोव्यात माशेलच्या आमच्या शाळेचा ग्रुप पाठवतो. बाकीचे त्याची कोलांटउडी बघतात, मी त्याचा घोटा बघते. टाच आधी टेकते की सगळा तळवा एकदम आपटतो? ज्या पायावर वजन आहे त्याचा गुडघा सरळ होतो की वाकलेलाच राहतो? धक्का बसला तर कमरेतून सावरतो की पाऊल टाकून? फोंड्याच्या माझ्या क्लिनिकमध्ये नवा पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्या वेळात मी हेच बघत असते. पॅरालिसिसनंतरची चाल, पार्किन्सनची चाल, खुब्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यानंतरची चाल. फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर डोळे आपोआप तिथेच जातात.

वाचायला लागले ती मात्र भाच्यामुळे. तो फर्मागुडीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो आणि त्याला दोन पायांवर चालणारं काहीतरी बनवायचं आहे. "मावशी, माणूस नेमका चालतो कसा ते नीट सांग," म्हणून एका संध्याकाळी येऊन बसला. मी त्याला चालीचे टप्पे समजावले. एका पायाच्या एका आवर्तनात साधारण ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकदम जमिनीला टेकलेले असतात तो वेळ मिळून जेमतेम २० टक्के. म्हणजे चालताना बहुतेक वेळ आपण एकाच पायावर असतो, आणि त्या एका पायावर शरीर पुढे कलंडत असतं. पुढचं पाऊल वेळेवर येतं म्हणून आपण पडत नाही. त्याने ते सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि मग त्याच्या बाजूचं वाचायला मला दिलं. त्यात सुरुवातीलाच मला बेलग्रेड भेटलं.

यंत्रमानव चालवायचं जे गणित पुढे कित्येक दशकं वापरलं गेलं, ते तेव्हाच्या युगोस्लाव्हियात जन्मलं. बेलग्रेडच्या मिहाइलो पुपिन इन्स्टिट्यूटमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच यांनी १९६८ च्या सुमारास ते मांडलं. त्याला झिरो मोमेंट पॉइंट म्हणतात. समजायला ते अवघड नाही. एका पायावर उभं राहा. तळव्याखाली जमीन तुम्हाला जी वर ढकलते तो सगळा जोर एकाच जागी एकवटला आहे असं धरा. अंग पुढे झुकलं की ती जागा बोटांकडे सरकते, मागे झुकलं की टाचेकडे. जागा तळव्याच्या आत आहे तोवर पाऊल जमिनीवर सपाट बसून राहतं. कडेला पोचली की पाऊल त्या कडेवर उलटायला लागतं. यंत्रमानवाची प्रत्येक हालचाल अशी आखायची की ती जागा तळव्याबाहेर जाणार नाही, एवढा तो नियम.

आणि त्याच काळात त्याच संस्थेत ही मंडळी आणखी एक गोष्ट बनवत होती: कमरेखालचं बळ गेलेल्या माणसांच्या पायांवर बांधायचा, हवेच्या दाबावर चालणारा सांगाडा. १९७२ साली त्याची पूर्ण आवृत्ती तयार झाली आणि बेलग्रेडच्या अस्थिरोग रुग्णालयात पेशंटवर तपासली गेली. म्हणजे यंत्राला चालवायचा विचार आणि न चालणाऱ्या माणसाला उभं करायची धडपड एकाच छपराखाली वाढली. कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. वाचलं तेव्हा खूप आनंद झाला. यंत्रमानवाच्या पायांचं नातं आमच्या कामाशी पहिल्यापासून आहे.

जपानमधली गोष्ट साधारण तिथूनच पुढे जाते. १९७३ साली टोकियोच्या वासेदा विद्यापीठात इचिरो कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाबोट-१ उभा केला. हात, पाय, बघायची आणि ऐकायची सोय असलेला, माणसाच्या मापाचा पहिला यंत्रमानव तो. त्याचे पाय एक पाऊल टाकायला ४५ सेकंद घेत. आधी सगळं वजन एका पायावर न्यायचं, शरीराचा गुरुत्वमध्य त्या तळव्याच्या बरोबर वर आणायचा, मगच दुसरा पाय उचलायचा. कुठल्याही क्षणी थांबवलं तरी तो पडणार नाही, अशी ती चाल.

पॅरलल बारमध्ये, म्हणजे हातांनी धरून चालायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, पहिल्यांदा उभे राहिलेले पेशंट असेच चालतात. माझ्याकडे एक आजोबा यायचे. भजनी मंडळात पखवाज वाजवणारे, पॅरालिसिसने उजवी बाजू गेलेली. बार घट्ट धरून डाव्या पायावर सगळा भार टाकायचे आणि उजवा उचलायची वेळ आली की म्हणायचे, "पडटलों गो बाय हांव." पायात तेवढी ताकद परत आलेली होती, ती मी हाताने तपासलेली होती. पण क्षणभर तोल सोडायला शरीर तयार नव्हतं, आणि तो सोडल्याशिवाय पाऊल पुढे जात नाही. या टप्प्यावर पेशंटला घाई केलेली मला चालत नाही. घरचे म्हणतात, "बाबा, उचला ना पाय." पाय उचलणं नंतरचं. आधी दुसऱ्या बाजूला वजन नेता आलं पाहिजे आणि तिथून परत येता आलं पाहिजे. हे शेकडो वेळा करावं लागतं.

वासेदाच्या प्रयोगशाळेला ही पायरी ओलांडायला अकरा वर्षं लागली. १९८० मध्ये त्यांचा एक यंत्रमानव १० सेकंदांत पाऊल टाकू लागला. तो मधल्या क्षणी स्वतःला पुढे कलंडू द्यायचा आणि मग पुन्हा स्थिर व्हायचा. १९८४ मध्ये डब्ल्यूएल-१०आरडी आला आणि पाऊल १.३ सेकंदांवर आलं. ४५, मग १०, मग १.३. मोटारी सुधारल्या, कॉम्प्युटर सुधारले, हे खरंच. पण मला त्या आकड्यांत पडायची मुभा दिसते. जेवढी मुभा वाढली तेवढी चाल सुटी झाली.

होंडाची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात. १९८६ मध्ये गुपचूप सुरुवात, पहिला ई-० म्हणजे नुसते दोन पाय, पावलाला पाच सेकंद. दहा वर्षांनी, १९९६ च्या डिसेंबरात पी-२ जगासमोर आला: १८२ सेंटिमीटर उंच, २१० किलो वजन, अंगाला कुठलीही तार जोडलेली नाही, आणि जिने चढत होता. २००० साली असिमो आला, लहान मुलाच्या उंचीचा, पाठीवर पांढरं दप्तर अडकवल्यासारखा. तो चालायचा, नंतर पळायलाही लागला. मात्र मी त्याचे जुने व्हिडिओ जेव्हा जेव्हा बघते तेव्हा त्याचे गुडघे माझं लक्ष धरून ठेवतात. ते कायम वाकलेले असतात.

त्याचं कारण मला भाच्याने समजावलं, आणि समजलं ते दिवली नाचामुळे. आपल्याकडे शिगम्यात बायका डोक्यावर पेटती पितळी दिवली घेऊन नाचतात. बसतात, उठतात, गिरकी घेतात, पण दिवली हलत नाही. शाळेत असताना मी तो नाच केला आहे. त्याची सगळी करामत मांड्यांत असते. गुडघे सतत थोडे वाकवलेले ठेवायचे, म्हणजे पाऊल टाकताना डोकं वरखाली होत नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. असिमोच्या काळातले बहुतेक यंत्रमानव याच चालीने चालत. शुजी काजिता या जपानी संशोधकाने १९९० च्या दशकात दाखवलं होतं की शरीराचं वजन एका ठिपक्यात आहे आणि तो ठिपका जमिनीपासून एकाच उंचीवर राहतो असं धरलं, तर समीकरणं इतकी सोपी होतात की यंत्र चालता चालता ती सोडवू शकतं. शिवाय गुडघा पूर्ण सरळ झाला की त्या पायाला शरीर आणखी वर उचलायची मोकळीक उरत नाही, आणि तिथे गणित अडतं. म्हणून गुडघे वाकलेले, म्हणून डोकं एका रेषेत, म्हणून मोटारी सतत ताणाखाली.

आपण रस्त्याने चालतो तेव्हा असं करत नाही. भार असलेला पाय जवळजवळ सरळ ठेवतो, वजन हाडांवरून खाली जाऊ देतो आणि त्या सरळ पायावरून शरीर कमानीसारखं पुढे नेतो. मांडीच्या स्नायूला तेवढीच विश्रांती. २००५ मध्ये सायन्स या नियतकालिकात स्टीव्ह कॉलिन्स, अँडी रुइना आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला होता. त्यांच्या हिशेबाने तेवढंच वजन तेवढंच अंतर न्यायला असिमोला माणसाच्या दहापटीहून जास्त ऊर्जा लागत होती. त्यांचं स्वतःचं कॉर्नेल विद्यापीठातलं दोन पायांचं यंत्र मात्र माणसाच्या बरोबरीने भागवत होतं.

त्या यंत्रामागची कल्पना टॅड मॅकगीर यांची. हा मूळचा विमानांचा माणूस. राइट बंधूंनी इंजिन बसवण्याआधी नुसत्या पंखांनी तरंगायला शिकून घेतलं, तसं चालण्याचंही करून बघावं असं त्यांच्या मनात आलं. १९९० मध्ये त्यांनी पाय आणि गुडघे असलेल्या, मोटार नसलेल्या, कॉम्प्युटर नसलेल्या यंत्रावरचा लेख छापला. सौम्य उतारावर ठेवून सोडलं की ते चालत जायचं. पाय लोंबत पुढे यायचा, गुडघा आपोआप सरळ व्हायचा, टाच टेकायची. कुणी त्याला चालवत नव्हतं. पायांची लांबी, वजनाची जागा आणि तळव्याची गोलाई एवढ्यावर ते चालायचं. कॉर्नेलच्याच रेंजर नावाच्या यंत्राने पुढे २०११ च्या मे महिन्यात एकदा चार्ज केलेल्या बॅटरीवर ६५.२ किलोमीटर चालून दाखवलं. पणजीहून निघून सावंतवाडीच्याही पुढे जाण्याएवढं ते अंतर आहे, जरी तो चालला एका बंद सभागृहात, गोल गोल.

मॅकगीर वाचल्यापासून पॅरालिसिसच्या पेशंटचा पाय लोंबत पुढे येताना मी जास्त बारकाईने बघते. त्यांच्या घरच्यांना वाटतं की पाय उचलायची ताकद कमी पडते. पुष्कळदा कमी पडतं ते त्याच्या आधीचं. पोटरीने मागून जी ढकल द्यायची असते ती मिळत नाही, म्हणून पाय लोंबून पुढे येत नाही, म्हणून पेशंट कंबर उचलून पाय अर्धगोलात फिरवत टाकतो. ढकल परत आणली की पुढचं निम्मं काम आपोआप होतं. घोट्यावर माझी नजर जाते ती यासाठी.

आता धक्क्याबद्दल. यंत्रमानवाला काठीने ढकलतानाचे व्हिडिओ बघून पुष्कळांना वाईट वाटतं. मला ती माझी रोजची तपासणी दिसते. पेशंटच्या मागे उभं राहून, एक हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून, खांद्याला हलकाच धक्का द्यायचा आणि बघायचं. छोट्या धक्क्याला माणूस घोट्यातून सावरतो. जरा मोठ्याला कमरेतून. त्याहून मोठ्याला पाऊल टाकावंच लागतं. १९८० च्या दशकात मार्क रायबर्ट यांनी अमेरिकेत एका पायाचं उड्या मारणारं यंत्र बनवलं. त्याला उभं राहताच यायचं नाही. पुढची उडी नेमक्या कुठल्या जागी टेकायची, हे ठरवण्यावरच त्याचा तोल. तळवा मोठा करून आणि वजन तळव्यावर राखून तोल सांभाळायचा, या विचाराच्या हे अगदी उलट होतं. रायबर्ट यांनीच १९९२ मध्ये बोस्टन डायनॅमिक्स काढली, जिचा अ‍ॅटलस हा यंत्रमानव आज सगळ्यांना माहीत आहे. २००६ मध्ये जेरी प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला नेमकं रूप दिलं: धक्का बसल्या क्षणी जमिनीवर एक जागा अशी असते की पाऊल तिथे टाकलं तर शरीर थांबतं. धक्का जोराचा असेल तर ती जागा लांब जाते. पाय तिथवर वेळेत पोचला तर वाचलो, नाहीतर आणखी एक पाऊल, मग आणखी एक. धडपडत चार पावलं जाऊन माणूस सावरतो ते हेच.

म्हातारी माणसं का पडतात, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. तोल जातो म्हणून पडतात असं आपण म्हणतो. तोल तर तरुणाचाही जातो, दिवसातून कित्येकदा. तरुणाचा पाय त्या जागेवर वेळेत पोचतो. त्यामुळे मी आता वयस्कर पेशंटना नुसतं स्थिर उभं राहायला शिकवून थांबत नाही. जमिनीवर खडूने खुणा करते आणि सांगेन त्या खुणेवर झटकन पाऊल टाकायला लावते. पुढे, बाजूला, मागे. मागचं पाऊल सगळ्यांत अवघड, आणि न्हाणीघरात तेच लागतं.

२०१५ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, डार्पाने, यंत्रमानवांची मोठी स्पर्धा घेतली. २०११ च्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातात माणसांना आत जाता आलं नाही, तिथे यंत्र जाऊ शकेल का, हा तिचा हेतू. गाडी चालवायची, उतरायचं, दार उघडायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, ढिगारा ओलांडायचा, जिना चढायचा. त्या दोन दिवसांत यंत्रमानव जे पडले ते सगळ्या जगाने हसत हसत पाहिलं. मला हसू आलं नाही. कडक लाकडासारखे, हात पुढे न करता, थेट तोंडावर. ते पडणं मी माणसांत पाहिलेलं आहे, आणि त्यानंतरचे एक्स-रेही. जिंकला कोरियाच्या काइस्ट संस्थेचा ह्युबो. त्याच्या गुडघ्यांना आणि पावलांना चाकं बसवलेली होती. जिथे चालायची गरज नाही तिथे तो गुडघे टेकून चाकांवर सरकायचा, जिन्यापाशी उभा राहून चढायचा. हा शहाणपणा मला मनापासून आवडला. स्वयंपाकघरात काठी आणि बाजारात व्हीलचेअर, असं ठरवणाऱ्या पेशंटला मी तेच सांगते: त्यात हार काहीच नाही.

त्यानंतरच्या दहा वर्षांत जे झालं त्याने मात्र सगळी पद्धतच बदलली. समीकरणं लिहून चाल आखण्याऐवजी यंत्राला कॉम्प्युटरमधल्या आभासी जगात सोडतात. एकाच वेळी त्याच्या हजारो प्रती तिथे पडतात, उठतात, पुन्हा पडतात. मुद्दाम धक्के देतात, जमीन निसरडी करतात, अंगावरचं वजन बदलतात. जे सावरलं ते पक्कं होत जातं. मग ते शिकलेलं खऱ्या पायांत उतरवतात. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात कॅसी नावाचं नुसत्या दोन पायांचं यंत्र आहे. २०२१ मध्ये ते कॅमेरा नसताना, म्हणजे आंधळेपणाने, पायऱ्या चढलं आणि उतरलं. पाय ठेचकाळला की तो उंच उचलायचा, एवढं त्याला पडून पडून कळलेलं होतं. दिवे गेल्यावर जुन्या घराच्या पायऱ्या उतरणारी कुठलीही आजी हेच करते.

२०२४ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅटलसची विजेवर चालणारी नवी आवृत्ती दाखवली. तिच्या पहिल्या व्हिडिओत तो जमिनीवर पडलेला असतो, पाय दुमडून अंगाशी आणतो आणि उठून उभा राहतो. कोलांटउडीपेक्षा मला याचं कौतुक जास्त आहे. आपल्याकडे जमिनीवरून उठता येणं म्हणजे देवघरात बसता येणं, पंगतीला बसता येणं. पेशंट बायका मला हेच विचारतात: खाली बसून उठता येईल ना?

तरीही आपल्या जमिनीवर यातलं कुठलं यंत्र टिकेल, याचा विचार मी करते आणि माझं मन माशेलला जातं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल लावलेले पुरुष आणि मुलं, घोट्याच्या वर चिखल, वरून पाऊस. धावतात, ओढतात, घसरतात, पुन्हा उभे राहतात. लहानपणापासून मी तो बघत आले, आणि आता बघते तेव्हा त्यांच्या पावलांकडे. बोटं फाकतात, चिखलात रुततात, तळवा जमिनीचा अंदाज घेत वळतो. एका पावलात २६ हाडं असतात, दोन्हींत मिळून ५२, शरीरातल्या हाडांपैकी पाव भाग. बहुतेक यंत्रमानवांच्या पायाला अजून एक सपाट पट्टी असते आणि घोट्याला दोन दिशांची हालचाल. वुकोब्रातोविचांचा नियम धरून चालतो की तळव्याखालची जमीन जागची हलणार नाही. चिखलकाल्यात जमीनच पायाखालून निघून जाते. तिथे खेळणारा दहा वर्षांचा मुलगा जे करतो ते मला आजवर कुठल्या यंत्रात दिसलेलं नाही, आणि ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी मी उभी राहून टाळ्या वाजवीन.

१९ एप्रिल २०२५ ला बीजिंगमध्ये माणसांबरोबर यंत्रमानवांची अर्धमॅरेथॉन झाली. २१ यंत्रमानव निघाले, ६ पोचले. पहिला आलेला तिएनगोंग २ तास ४० मिनिटांत पोचला, वाटेत बॅटऱ्या बदलून. बाजूने माणसं पळत होती, काहींनी यंत्रांना दोरीने धरलेलं. चिखलात नव्हे, रस्त्यावर.

या सगळ्यावर जगभर प्रचंड पैसा लागतो आहे. यंत्रमानव कारखान्यात खोकी उचलतील, घरात कपडे घड्या करतील, असं सांगितलं जातं. करोत. मला ओढ आहे ती बेलग्रेडच्या त्या दुसऱ्या निम्म्याची, न चालणाऱ्या माणसाला उभं करायच्या धडपडीची. होंडाने असिमोच्या अभ्यासातून कमरेला आणि मांड्यांना बांधायचं, चालायला मदत करणारं २.७ किलोचं उपकरण बनवलं आणि २०१५ पासून जपानमधल्या रुग्णालयांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. असिमोचे कार्यक्रम २०२२ मध्ये थांबले तेव्हा लोक हळहळले. त्याचं काम ज्या पायांत उतरलं त्यांचा उल्लेख कुणी केलेला मला दिसला नाही.

आपल्या देशातही हे धागे आहेत. इस्रोची व्योममित्रा अर्धीच यंत्रमानव आहे, तिला पाय नाहीत, कारण अवकाशात ते लागत नाहीत. पण त्याच इस्रोने २०२२ मध्ये पाय गमावलेल्यांसाठी स्वतः वाकणं नियंत्रित करणारा कृत्रिम गुडघा तयार होत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी आयआयटी मद्रासने 'कदम' हा देशी बनावटीचा गुडघा आणला. आणि या सगळ्याच्या आधी, १९६८ पासून, जयपूर फूट आहेच. रामचंद्र शर्मा या कारागिराच्या आणि डॉ. पी. के. सेठी यांच्या हातून घडलेला, मोटार नसलेला रबरी पाय. तो घालून अनवाणी शेतात जाता येतं, उकिडवं बसता येतं. मॅकगीरच्या यंत्राशी त्याचं जवळचं नातं आहे असं मी मानते: जे काम आकाराने आणि वजनाने होतं त्याला मोटार लावू नये.

भाच्याने दोन पायांचा यंत्रमानव बनवायचा बेत सध्या बाजूला ठेवला आहे. पॅरालिसिसच्या पेशंटचा घोटा पायरी चढताना खाली लोंबू नये आणि मागून ढकल मिळावी, यासाठी हलकं काहीतरी करता येईल का, यावर तो आणि त्याचे दोन मित्र काम करणार आहेत. त्यांच्या पुस्तकातली पायरी ठरावीक उंचीची आहे. आपली नाही. चिऱ्यांच्या जुन्या पायऱ्या एकीसारखी दुसरी नसतात, मध्ये झिजलेल्या असतात, मिरगापासून शेवाळ धरतात, वर उंबरठा वेगळाच. आणि माझे पेशंट घरात अडकून पडतात ते याच दोन-चार पायऱ्यांपायी.

म्हणून हे वाचणाऱ्या गोव्यातल्या सगळ्यांना एक विनंती. अंगणातून घरात येतानाच्या तुमच्या प्रत्येक पायरीची उंची आणि रुंदी टेपने मोजा. पायरी मध्ये झिजलेली असेल तर मध्ये आणि कडेला वेगवेगळं माप घ्या. उंबरठ्याची उंची लिहा. धरायला कठडा आहे का, आणि असला तर चढताना कुठल्या हाताला येतो, तेही. देवळाच्या पायऱ्या मोजल्यात तर अधिकच चांगलं. मापं मला पाठवा, मी ती मुलांना देते. पावसाआधी मिळाली तर उपयोग होईल, कारण ओल्या चिऱ्यावरची चाचणी त्यांना याच पावसाळ्यात करायची आहे.